किडनीचा ओव्हरटाइम

एक छोटासा प्रयोग करून बघा. उद्या ऑफिसला गेलात की आजूबाजूच्या चार डेस्कवर सहज नजर टाका. एकावर ग्रीन टीचा डबा असेल. दुसऱ्यावर मल्टिव्हिटॅमिनची बाटली. तिसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये गव्हांकुराची पावडर. आणि चौथा... चौथा तुम्हाला कॉफी ब्रेकमध्ये डार्क चॉकलेट कसं हेल्दी असतं ते पटवून देईल. चौघांनाही विचारा, 'हे कशासाठी रे?' उत्तर एकच येईल, 'अँटिऑक्सिडंट्स असतात ना त्यात!'

बस्स. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही. 'असतात, मग पुढे काय?' असं विचारणं म्हणजे 'व्यायाम कशाला करायचा?' असं विचारण्याइतकंच अडाणीपणाचं! या एका शब्दानं आपल्यावर जादूच केलीय. तो फेसक्रीमवर असतो, बिस्किटाच्या पुड्यावर असतो, पाच लिटर तेलाच्या कॅनवरसुद्धा असतो. बऱ्याचदा त्यानं काही बिघडत नाही. ग्रीन टी प्यायल्यानं फार तर तोंड कडू होतं. पण एक जागा अशी आहे, जिथं या शब्दाच्या मोहात पडणं खरंच महागात पडू शकतं. डायबेटिस असलेल्या माणसाची किडनी.

'आमचा काय संबंध?' म्हणून पान उलटू नका. २०२३मध्ये आलेल्या आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १० कोटींहून जास्त लोकांना डायबेटिस आहे आणि आणखी साडेतेरा कोटींच्या आसपास लोक उंबरठ्यावर उभे आहेत. ज्यांना डायबेटिस होतो, त्यांच्यातल्या साधारण दर तिघांमागे एकाच्या किडनीवर कधी ना कधी परिणाम होतो. म्हणजे तुमच्या घरात नाही, तर तुमच्या बिल्डिंगमध्ये नक्की.

आणि 'मी तर बारीक आहे' हे कारण पुणेकरांनी तरी देऊ नये. केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांचा एक फोटो २००४मध्ये 'लॅन्सेट' या नामांकित वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय अगदी सारखा, २२.३. पण शरीरातली चरबी? युडकिनसाहेबांची ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांची २१.२ टक्के! दिसायला सडपातळ आणि आतून चरबीदार, असा हा आपला देशी नमुना. म्हणून डायबेटिस आपल्याकडे लवकर येतो. लवकर येतो म्हणजे मुक्कामही जास्त वर्षं करतो. आणि किडनीचं नुकसान या मुक्कामाच्या वर्षांवर बरंच अवलंबून असतं.

मामाचा फोन

या विषयाच्या मागे मी लागले ते माझ्या मामामुळे. मामा एकसष्ट वर्षांचा, नाशिकला असतो, डायबेटिसला सतरा वर्षं झाली. गेल्या वर्षी त्याच्या लघवीच्या तपासणीत अल्ब्युमिन नावाचं प्रथिन जास्त निघालं. डॉक्टरांनी बीपीची एक गोळी सुरू केली. दोन आठवड्यांनी रक्त तपासलं, तर क्रिएटिनिन १.१ होतं ते १.३ झालेलं. झालं! सकाळच्या वॉकिंग ग्रुपमधल्या एका गृहस्थांनी तिथल्या तिथे निदान केलं, 'ही गोळीच तुमची किडनी खातेय. ती बंद करा आणि या कॅप्सूल घ्या. प्युअर अँटिऑक्सिडंट. एकदम नॅचरल.' किंमत महिन्याला साडेतीन हजार. कॅप्सूल ते स्वतःच विकतात, हे ओघानं आलंच.

मामाचा मला फोन. 'अगं, तू असल्याच विषयांवर लिहितेस ना? मग सांग, घेऊ का? ती गोळी मी उद्यापासून बंद करतोय.'

हसण्यावारी नेण्यासारखं हे नव्हतं. माझे आजोबा, म्हणजे मामाचे वडील, शेवटची दोन वर्षं डायलिसिसवर होते. आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. त्यांना रिक्षातून न्यायचं-आणायचं काम मामाच करायचा. उन्हाळ्यात त्यांनी पाणी मागितलं की मोजून अर्धी वाटी देणाराही तोच. त्यामुळे किडनी म्हटलं की मामाच्या पोटात गोळा येतो आणि घाबरलेल्या माणसाला साडेतीन हजार रुपये जास्त वाटत नाहीत. शिवाय घराण्यातली पुढची पिढी म्हणजे अस्मादिक! वय तेहतीस, उपाशीपोटीची शुगर १०८. उंबरठ्यावरच्या साडेतेरा कोटींतली मी एक. तेव्हा प्रश्न माझाही होता.

'मामा, गोळी बंद करू नकोस. मला दोन दिवस दे,' एवढं सांगून मी वाचायला बसले. काही डॉक्टर मित्रमैत्रिणींना छळलं. जे हाती लागलं ते पुढे.

गंजाची थिअरी

आधी त्या वॉकिंगवाल्या काकांच्या बाजूनं बोलूया. त्यांची थिअरी हवेतली नाहीये. डेनम हार्मन नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञानं १९५६मध्ये मांडलं की शरीर म्हातारं होतं ते फ्री रॅडिकल्समुळे. म्हणजे ऑक्सिजन वापरताना पेशींमध्ये तयार होणारे उपद्व्यापी रेणू. लोखंड जसं गंजतं, तसे आपण आतून गंजतो, अशी ही कल्पना. अँटिऑक्सिडंट म्हणजे हा गंज रोखणारा पदार्थ. 'सी' आणि 'ई' जीवनसत्त्वं, फळाफुलांतले रंग, हळद, चहा... यादी मोठी आहे.

डायबेटिसमध्ये हा गंज जास्त चढतो, हेही खरं. मायकेल ब्राउनली या न्यूयॉर्कच्या संशोधकानं २००१च्या सुमारास त्याची साखळी उलगडून दाखवली. आपल्या बहुतेक पेशी रक्तात साखर वाढली की आपलं दार थोडं लोटून घेतात. पण किडनीतल्या बारीक रक्तवाहिन्यांच्या पेशींना, डोळ्याच्या पडद्यातल्या पेशींना आणि नसांना हे जमत नाही. त्यांना साखरेला 'पुरे' म्हणताच येत नाही. (लग्नाच्या पंगतीत आग्रहाला बळी पडणारे पाहुणे आठवा!) मग पेशीच्या आतली ऊर्जा बनवणारी भट्टी जास्त पेटते आणि त्यातून हे उपद्व्यापी रेणू भसाभस बाहेर पडतात. डायबेटिस नेमका डोळे, नसा आणि किडनी यांच्यावरच का घसरतो, याचं हे मोठं सुंदर उत्तर आहे.

मग काय, लॉजिक सोपं. गंज चढतोय ना? गंजरोधक द्या! उंदरांना दिलं, तर उंदरांच्या किडन्या सुधारल्या. आता फक्त माणसांवर सिद्ध करायचं बाकी होतं.

एकाच मैदानात दोन खेळाडू

ते करायला निघालेली एक प्रचंड मोठी चाचणी म्हणजे 'होप'. तिचं नेतृत्व कॅनडात स्थायिक झालेले, मूळचे केरळचे डॉ. सलीम युसूफ यांच्याकडे होतं. साडेनऊ हजारांवर माणसं, त्यातली साडेतीन हजारांहून जास्त डायबेटिसवाली. या चाचणीची रचना मला फार आवडली. एकाच वेळी दोन गोष्टी तपासल्या. एक, 'ई' जीवनसत्त्व, रोज ४०० युनिट. म्हणजे चकचकीत अँटिऑक्सिडंट कॅप्सूल. दुसरी, रॅमिप्रिल नावाची बीपीची गोळी. कुणाला कॅप्सूल, कुणाला गोळी, कुणाला दोन्ही, कुणाला नुसती साखरेसारखी निरुपद्रवी खोटी गोळी. कुणाला काय मिळतंय ते ना पेशंटला माहीत, ना डॉक्टरांना. साडेचार वर्षं हे चाललं.

निकाल २०००पासून बाहेर येऊ लागले. डायबेटिस असलेल्यांमध्ये रॅमिप्रिलमुळे किडनीचा उघड आजार होण्याचं प्रमाण २४ टक्क्यांनी कमी झालं. आणि 'ई' जीवनसत्त्व? ना हृदयाला फायदा, ना किडनीला. शून्य. त्यांतल्या बऱ्याच जणांवर पुढे आणखी काही वर्षं लक्ष ठेवलं, तर २००५मध्ये कळलं की 'ई' घेणाऱ्यांमध्ये हार्ट फेल्युअर, म्हणजे हृदयाची पंप करायची ताकद कमी पडणं, थोडं जास्तच होतं.

हा एकटा अपवाद असता तर सोडून दिलं असतं. पण फिनलंडमध्ये १९९४मध्ये तेच झालं होतं. सिगरेट ओढणाऱ्यांना गाजरातलं बीटा कॅरोटिन गोळीतून दिलं, तर फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी वाढला. कॅनडातल्याच आणखी एका चाचणीत किडनीवर परिणाम झालेल्या डायबेटिसच्या रुग्णांना फॉलिक अॅसिड, बी-६ आणि बी-१२ यांचे मोठे डोस दिले. ही काही खरी अँटिऑक्सिडंट्स नव्हेत, पण 'व्हिटॅमिनच आहे, झाला तर फायदाच' या खात्यातलीच मंडळी. २०१०मध्ये निकाल आला, गोळ्या घेणाऱ्यांच्या किडन्या न घेणाऱ्यांपेक्षा लवकर खालावल्या होत्या!

आणि आपली हळद? इराणमधल्या शिराझ शहरात २०११मध्ये चाळीस रुग्णांवर छोटासा अभ्यास झाला. दोन महिने हळदीच्या कॅप्सूल दिल्या, लघवीतलं प्रथिन कमी झालं. बातम्या झाल्या. मग कॅनडातल्या किडनी क्लिनिक्समध्ये हळदीतल्या कर्क्युमिनची बरीच मोठी, सहा महिन्यांची चाचणी झाली. फरक पडला नाही. छोट्या अभ्यासात चमकायचं आणि मोठ्या अभ्यासात विझायचं, हा या मंडळींचा जुनाच पॅटर्न. हळद भाजीत घालाच हो. ती तिथं शोभतेही. पण कॅप्सूलमधून किडनी वाचवायची अपेक्षा तिच्याकडून नको.

असं का होतं? एक तर हे उपद्व्यापी रेणू निव्वळ गुंड नसतात. जंतू मारायला, पेशींनी एकमेकींना निरोप द्यायला शरीर त्यांचाच वापर करतं. सरसकट सगळ्यांना पुसून टाकलं तर कामाची माणसंही जातात. दुसरं म्हणजे, कॅप्सूल पोटात जाते, पण गंज चढतोय पेशीच्या आतल्या भट्टीत. तिथवर पोचणार कोण? आणि तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं. नळ धो-धो वाहतोय आणि आपण फरशी पुसतोय. पुसणारा कितीही मेहनती असो, नळ बंद केल्याशिवाय फरशी कोरडी होईल का?

छान रिपोर्ट, वाईट बातमी

खरी रंजक गोष्ट पुढे आहे. शास्त्रज्ञ म्हणाले, बाहेरून अँटिऑक्सिडंट देण्यापेक्षा शरीराचा स्वतःचाच गंजरोधक विभाग जागा केला तर? पेशीत असं एक मास्टर बटण असतं, ते दाबलं की शरीर स्वतःच डझनावारी संरक्षक पदार्थ बनवायला लागतं. हे बटण दाबणारं एक औषध अमेरिकेत तयार झालं. नाव बार्डोक्सोलोन. नाव विसरा, गोष्ट लक्षात ठेवा.

२०११मध्ये डायबेटिस आणि किडनीचा आजार असलेल्या २२७ जणांवरचा निकाल छापून आला आणि किडनीच्या डॉक्टरांनी अक्षरशः डोळे चोळले. किडनी किती वेगानं रक्त गाळते त्याचा आकडा, ज्याला रिपोर्टमध्ये ईजीएफआर म्हणतात, चक्क वर गेला होता! हा आकडा खाली जाताना थोपवला तरी डॉक्टर पेढे वाटतात. इथं तो वाढत होता. लगेच २,१८५ जणांवर मोठी चाचणी सुरू झाली.

ऑक्टोबर २०१२मध्ये ती मध्येच थांबवावी लागली. औषध घेणाऱ्यांपैकी ९६ जणांना हार्ट फेल्युअरमुळे हॉस्पिटलमध्ये दाखल व्हावं लागलं किंवा त्यात त्यांचा मृत्यू झाला. खोटी गोळी घेणाऱ्यांमध्ये हाच आकडा ५५ होता. आणि गंमत म्हणजे, गंमत कसली, शोकांतिकाच, ईजीएफआर तेव्हाही छान वाढलेला होता. त्याच वेळी लघवीतलं अल्ब्युमिनही वाढत होतं. पुढे जपानमध्ये हृदयाचा धोका असलेल्यांना वगळून पुन्हा प्रयत्न झाला. तिथल्या कंपनीनंही २०२३मध्ये हे काम बंद केलं.

हे कोडं समजून घ्यायचं तर आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं एक उदाहरण देते. तुमच्या टीममध्ये एक जण आहे. रोज रात्री अकरापर्यंत थांबतो, शनिवार-रविवार लॅपटॉप उघडा, कुठल्याही कामाला नाही म्हणत नाही. अप्रेझलमध्ये त्याला 'आउटस्टँडिंग'. एचआर खूश, बॉस खूश. दोन वर्षांनी तो एक दिवस येतच नाही. बर्नआउट!

डायबेटिसच्या सुरुवातीच्या वर्षांत किडनी नेमकी हीच असते. दोन्ही किडन्या मिळून एरवीच दिवसाला साधारण १८० लिटर द्रव गाळतात आणि त्यातला ९९ टक्के परत शरीरात घेतात. प्रत्येक किडनीत सुमारे दहा लाख बारीक गाळण्या असतात. साखर वाढली की या गाळण्यांच्या आतलं प्रेशर वाढतं आणि गाळायचा वेग नॉर्मलपेक्षाही जास्त होतो. रिपोर्ट एकदम आउटस्टँडिंग! आत मात्र एकेक गाळणी ताणली जाते, तिची जाळी सैल होते, प्रथिनं निसटायला लागतात आणि शेवटी ती कायमची बंद पडते. राहिलेल्या गाळण्यांवर तिचंही काम येऊन पडतं. पुढचं तुम्हाला माहीतच आहे, कुणी राजीनामा दिल्यावर बाकीच्यांचं काय होतं ते.

थकलेल्या किडनीचा आकडा चढतोय म्हणजे ती बरी झाली असं नसतं. तिला आणखी पळवलं जात असेल, अशीही शक्यता असते. आणि याच्या बरोबर उलट, आकडा थोडा उतरला म्हणजे बिघडलीच असंही नसतं. कदाचित तिला पहिल्यांदाच कुणीतरी सुट्टी दिलेली असते.

कंटाळवाणी हीरो मंडळी

मामाचं क्रिएटिनिन १.१वरून १.३ का झालं, त्याचं उत्तर इथं आहे. त्याला दिलेली गोळी रॅमिप्रिलच्याच खानदानातली. या गोळ्या गाळणीतून बाहेर जाणारी वाट थोडी मोकळी करतात. आतलं प्रेशर उतरतं, गाळायचा वेग किंचित कमी होतो आणि क्रिएटिनिन थोडं चढतं. सुरुवातीला साधारण ३० टक्क्यांपर्यंतची वाढ डॉक्टर गृहीतच धरतात. त्यापेक्षा जास्त झाली किंवा पोटॅशियम वाढलं तर मात्र बघावं लागतं, म्हणून तर दोन आठवड्यांनी रक्त तपासायला सांगतात. १९९३मध्ये कॅप्टोप्रिल, २००१मध्ये लोसार्टन आणि इर्बेसार्टन, एकापाठोपाठ एक मोठ्या चाचण्यांनी दाखवलं की अशा गोळ्यांनी डायबेटिसमधली किडनी जास्त वर्षं टिकते. आणि हा फायदा नुसता बीपी उतरल्यामुळे होतो असं नाही.

नंतर आला दुसरा गट, ग्लिफ्लोझिन मंडळी. या गोळ्या जास्तीची साखर लघवीवाटे बाहेर सोडतात आणि ते करता करता गाळणीत आत येणारा नळ थोडा आवळतात. यांच्यामुळेही पहिल्या काही आठवड्यांत ईजीएफआर खाली येतो, लोक घाबरतात. पण २०१९मध्ये ४,४०१ जणांवरच्या चाचणीत किडनी निकामी होण्यासारख्या गंभीर घटना ३० टक्क्यांनी कमी झाल्या. फायदा इतका स्पष्ट दिसला की चाचणी वेळेआधीच थांबवली. लक्षात घ्या, ही सगळी मंडळी आधीच्या गटातली गोळी घेतच होती. म्हणजे हा फायदा त्याच्या वरचा. त्यानंतर २०२०मध्ये फिनेरेनोन आणि २०२४मध्ये सेमाग्लुटाइड यांनीही किडनीच्या बाबतीत आपली कमाई दाखवली.

आणि हो, 'नॅचरल'च हवं असणाऱ्यांसाठी खास. या ग्लिफ्लोझिन खानदानाचा मूळ पुरुष म्हणजे फ्लोरिझिन नावाचा पदार्थ. तो १८३५मध्ये युरोपात कशातून काढला होता? सफरचंदाच्या झाडाच्या सालीतून! सालीपासून गोळीपर्यंत यायला पावणेदोनशे वर्षं लागली, कारण मधल्या काळात कुणीतरी प्रत्येक पायरीवर 'खरंच चालतं का?' हा प्रश्न विचारत होतं. वॉकिंगवाल्या काकांच्या कॅप्सूलनं तो टप्पाच गाळलाय.

ग्लॅमर काहीच नाही हो या गोळ्यांना. पांढऱ्या स्ट्रिपमध्ये येतात, जाहिरात नाही, इंद्रधनुषी फळांचे फोटो नाहीत. रॅमिप्रिलसारख्या गोळ्या तर केव्हाच्या स्वस्त आहेत. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंटही भारतात ऑक्टोबर २०२०मध्ये संपलं आणि देशी कंपन्यांच्या गोळ्या आल्यावर तीही आवाक्यात आली. साडेतीन हजारांत किती महिने निघतील याचा हिशेब तुमच्या केमिस्टकडे जाऊन स्वतः करा.

मामाला मी हे सगळं फोनवर सांगितलं. अर्धं त्याला पटलं. उरलेलं त्याच्या डॉक्टरांनी, मी शेजारी बसलेली असताना, कागदावर गाळणीचं चित्र काढून पटवलं. गोळी चालू राहिली. क्रिएटिनिन १.३वरच थांबलंय आणि लघवीतलं अल्ब्युमिन निम्म्यावर आलंय. वॉकिंग ग्रुपमध्ये नाही कसं म्हणायचं, हा मात्र त्याला खरा यक्षप्रश्न वाटत होता. रोज सकाळी तोंड दाखवायचं असतं ना! मामीनं तोही सोडवला. 'सांगा त्यांना, आमच्या डॉक्टरांनी लिहून दिलं तर घेऊ.' काकांनी नंतर विषय काढलेला नाही.

तुमच्यासाठी, आणि आईबाबांसाठी

• डायबेटिस असेल तर वर्षातून एकदा दोन तपासण्या हव्यातच. रक्तातलं क्रिएटिनिन (त्यावरून ईजीएफआर काढतात) आणि लघवीतलं अल्ब्युमिन-क्रिएटिनिन यांचं प्रमाण. दुसरी तपासणी बहुतेक लोक करतच नाहीत. काहीशे रुपयांचं काम आहे. रिपोर्टमध्ये ३०च्या आत हवं. टाइप टूमध्ये ही तपासणी निदान झालं त्याच वर्षापासून सुरू करायची.

• आदल्या दिवशी जिममध्ये घाम गाळला असेल, ताप असेल किंवा लघवीचा संसर्ग असेल तर हा आकडा उगाच वाढलेला दिसतो. म्हणून एका रिपोर्टवर घाबरायचं नाही. पुन्हा करून बघायचं.

• किडनी दुखत नाही. पायावर सूज येईपर्यंत तिनं बरंच सोसलेलं असतं. 'मला काही त्रास नाही' हे तपासणी टाळायचं कारण होऊ शकत नाही.

• किडनी आधीच दुबळी असेल तर 'हेल्दी' ज्यूस सांभाळून. नोनीसारख्या ज्यूसमध्ये पोटॅशियम भरपूर असतं. 'सी' जीवनसत्त्वाचे मोठे डोस शरीरात ऑक्झलेट बनवतात आणि त्याचे खडे किडनीतच साचतात. स्टारफ्रूट तर अशा माणसांना चक्क विषारी ठरू शकतं. पाठदुखीसाठी मनानं घेतलेल्या पेनकिलर्सही याच यादीत.

• फळं, भाज्या, चहा, हळद यांच्याशी आपलं भांडण नाही. ताटातलं ताटात राहू दे. भांडण आहे ते डबीतल्या मेगाडोसशी.

• मी वर नावं घेतली म्हणून कुठलीही गोळी मनानं सुरू करू नका, आणि त्याहून महत्त्वाचं, मनानं बंदही करू नका. रॅमिप्रिल-लोसार्टनच्या खानदानातल्या गोळ्या गरोदरपणात चालत नाहीत. तेव्हा बाळाचा विचार करत असाल तर डॉक्टरांना आधीच सांगा. ग्लिफ्लोझिन गोळ्या उपास, उलट्या-जुलाब किंवा ऑपरेशनच्या वेळी काही दिवस थांबवाव्या लागतात.

माझं म्हणाल, तर परवा मीही ती लघवीची तपासणी करून आले. लॅबमधली मुलगी म्हणाली, 'मॅडम, एवढ्या लवकर? ही तर पन्नाशीनंतर करतात.' मी म्हटलं, करतात ना, म्हणूनच तर उशीर होतो! रिपोर्ट आला १२. सध्या तरी माझी किडनी नऊ ते सहाच काम करतेय. ओव्हरटाइम नाही.

तुमची?